परत आलेला माल

मी भांडकुदळ आहे, असं माझी मुलगी कोरीन म्हणते. मी नाही. छत्तीस वर्षं मस्किंगम नदीकाठच्या कारखान्यात साचे बनवले आणि केसाएवढी चूक दिसली तरी माल परत केला, एवढंच. नव्याचे पैसे घ्यायचे आणि जुनं गळ्यात मारायचं, हे मला खपत नाही.

जानेवारीत मी इंटरनेटवरून एक रिव्हॉल्वर मागवलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या हत्याराची इटलीत बनलेली नक्कल. याला काडतूस लागत नाही. चक्राच्या सहा घरांत बंदुकीची काळी दारू ओतायची आणि वर शिशाची गोळी दाबायची. ते कोरीनसाठी होतं. एप्रिलमध्ये आमच्या क्लबची स्पर्धा होती आणि ती पहिल्यांदाच माझ्याशेजारी उभी राहणार होती. तिची आई गेल्यापासून आम्हा दोघांना एकत्र करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

खोकं आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल पसरून मी ते उघडलं. या नकलांमध्ये एक दोष ठरलेला असतो. चक्राची आस नळीखालच्या भोकात तळापर्यंत टेकत नाही, मध्ये जागा राहते. जाणकार लोक तिथे पोलादी वॉशर घालतात. मी पितळेची चकती घालतो आणि ती सरकू नये म्हणून तिच्यावर तीन ठिपके ठोकतो. सवयीनं मी नळी सोडवली आणि भोकात बॅटरी मारली. तळाशी पितळेची चकती होती. तिच्यावर तीन ठिपके.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. कुणीतरी दुरुस्त करून परत केलेला माल या लोकांनी मला कोरा म्हणून विकला होता. ठिपक्यांचं मला विशेष वाटलं नाही. त्या चकतीचा फोटो मीच एकदा नेटवर टाकला होता, उचलली असेल कुणी युक्ती.

फोनवर शेरिल नावाची बाई होती.

"साहेब, आम्ही सीलबंद मालच पाठवतो."

"मग ती चकती काय इटलीहून पोहत आली?"

"परत पाठवा, दुसरं देते. खोक्यात परतीचा कागद आहे, त्यावर फक्त कारण लिहा."

मी कारण लिहिलं. जागा पुरेना म्हणून मागच्या बाजूलाही लिहिलं.

फेब्रुवारीत दुसरं आलं. नळीखाली नंबर होता ५२८१६. पहिल्याचाही हाच होता. आकडे मी विसरत नाही. चकती तशीच होती. पण आता लाकडी मूठ दोन्ही बाजूंनी कानशीनं बारीक केली होती, आणि घोड्यावरच्या खाचा अंगठा लागून लागून गुळगुळीत झाल्या होत्या. मी चक्र नाकाशी नेलं. सडक्या अंड्यांचा वास आला, दारू जळाल्याचा.

"तेच परत पाठवलंत?" मी शेरिलला म्हणालो. "आणि तेही मनसोक्त वापरून?"

पलीकडे खोकं फाडल्याचा आवाज आला. "तुम्ही परत केलेलं माझ्या हातात आहे, साहेब. आत्ता उघडलं."

"नंबर वाचा."

तिनं वाचला. पाचही आकडे तेच. मग म्हणाली, "कारखान्यात चुकून एका नंबरची दोन निघाली असतील. पण हे तर चांगलं कोरं दिसतंय. यात वाईट काय होतं?"

"मला माझे पैसे परत हवेत," मी म्हणालो आणि फोन आपटला.

नंतर ती मूठ मी हातात धरून पाहिली. माझ्या पंजाला ती पुरेना. लहान हातासाठी घासली होती. आधी आडवी कानस, मग तिरकी, शेवटी बारीक कागद. चोख काम होतं. त्याचाच मला जास्त राग आला. दुसऱ्या दिवशी तेही मी परत धाडलं.

मार्चच्या शेवटी पायरीवर तिसरं खोकं होतं. मी काही मागवलं नव्हतं.

आतल्या रिव्हॉल्वरचं चक्र फुटलेलं होतं. दोन घरं फाटून उघडी पडली होती, नळी वाकली होती आणि मुठीचा डावा अर्धा भाग नव्हताच. नंबर ५२८१६.

आणि ते स्वच्छ होतं. कुणीतरी गरम साबणाच्या पाण्यानं धुतलं होतं, स्क्रूच्या खाचांतली काजळी काडीनं काढली होती, वर तेलाचा हात फिरवला होता. फुटलेलं हत्यार कोण धुतं? माझ्या घरात नियम आहे, हत्यार धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. पण तो माझ्या घरातला नियम आहे.

खोक्याच्या तळाशी परतीचा कागद होता.

'हे माझ्या मुलीच्या हातात फुटलं. पैसे नकोत. उत्तर द्या.'

अक्षर माझं होतं. मागच्या बाजूलाही मजकूर होता. तो मी वाचला नाही.

मी शेरिलला फोन लावला. या वेळी माझा आवाज चढेना.

"तिसरं आम्ही पाठवलेलंच नाही, साहेब," ती म्हणाली.

"पहिलं कुठे आहे?"

"ते गेलं. विकलं."

मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला संताप येतो. त्या कंपनीचा आला, इटलीचा आला, टपालवाल्याचाही आला. मग मी कोरीनला फोन केला. स्पर्धेला जायचं नाही, म्हणालो. स्पर्धेच्याच शनिवारी दुपारी इकडे जेवायला ये.

"अहो पण झालं काय, बाबा?"

"समोर बसून सांगतो."

 "बरं," ती म्हणाली. मी निर्धास्त झालो. त्या शनिवारी ती मैदानावर नसणार होती. माझ्या टेबलाशी, माझ्या नजरेसमोर असणार होती.

ती आली तेव्हा खिम्याचा पाव ओव्हनमध्ये होता. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"आधीच सांगते, चिडायचं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला एकही धड मिळेना, म्हणून मीच एक मागवलं. महिना झाला, जुन्या खाणीत सराव करतेय. स्पर्धेत तुमची जिरवणार होते."

"कुठून मागवलंस?"

"तुमच्याच दुकानातून. स्वस्तात मिळालं. फोनवरची बाई म्हणाली, कुणी खवट म्हातारा उगाच परत करून गेला. आत चकतीसुद्धा होती, अगदी तुमच्यासारखी. मूठ तेवढी मोठी होती, ती मी घासली."

तिनं फडकं सोडलं. बारीक मूठ. गुळगुळीत घोडा.

मी झेप घेऊन चक्रावर हात टाकला. "दे इकडे."

"देते, पण असं ओढू नका ना." मूठ तिच्याच हातात होती. "सकाळी एक बार उडालाच नाही. तुम्ही काढून द्याल म्हणून तर तसंच आणलं. दारू आतच आहे."

त्या न उडालेल्या बाराला चार तास उलटले होते. तरी माझ्या तळव्याखाली चक्र गरम लागत होतं.