टेबलाखाली लावलेला कान

त्या घरात गेले काही महिने कोणी साधं बोलत नव्हतं. म्हणजे भांडणं वगैरे नव्हती. उलट फारच सभ्य बोलणं चालायचं. "मी ठकीला दूध दिलेलं आहे आणि तिने ते सगळं प्यायलेलं आहे," असं ठकीची आई जेवणाच्या टेबलाशी उभी राहून, बातम्या वाचाव्यात तशी सांगायची. त्यावर ठकीचा बाबा म्हणायचा, "छान. आता मी तिचा अभ्यास घेणार आहे, न रागावता." तिसरीतली ठकी मान वर न करता दुधाची मिशी पुसायची. आपल्या आईबाबांना काय झालंय, असा प्रश्न तिला पडला असेल तर तिने तो कधी विचारला नाही.

कारण अगदी सरळ होतं. घटस्फोटाचा अर्ज लागला होता, ठकी कोणाकडे राहणार ते कोर्टात ठरायचं होतं, आणि जो घर सोडून जाईल त्याची बाजू लंगडी पडेल, असं दोघांच्याही वकिलांनी बजावलं होतं. त्यामुळे दोघंही एकाच छपराखाली पाय रोवून होते. दुसरा आपलं बोलणं गुपचूप टिपून घेतोय, याबद्दल दोघांनाही खात्री होती.

बाबा लिफ्टच्या देखभालीचं काम करायचा. मोटरच्या आवाजावरून कुठे काय घासतंय ते सांगणारा माणूस. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता आणि माणसांवर त्याहून कमी होता. आई दातांची डॉक्टर. समोरच्याच्या तोंडात हत्यार घालायचं आणि मग त्याला प्रश्न विचारायचा, ही सवय तिने घरीही आणलीय, असं तो पूर्वी तिला चिडवायचा. आता चिडवणं संपलं होतं. ठकी आपल्याला मिळाली नाही तर काय, हा एकच विचार त्याला लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्यावरसुद्धा गाठायचा.

त्याने काडेपेटीएवढा रेकॉर्डर आणून टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवला, आणि मग वकीलबाईंना विचारायला गेला. क्रम उलटा झाला हे त्यालाही कळत होतं.

"तुम्ही स्वतः टेबलाशी बसलेले असाल, तर त्या बोलण्यात तुम्हीही आहात," वकीलबाई म्हणाल्या. "मग निदान बाजू तरी मांडता येते. पण यंत्र सुरू ठेवून कामावर निघून गेलात आणि मायलेकींचं बोलणं गोळा केलंत, तर ते दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं झालं. काही न्यायाधीश म्हणतात, मुलीचं भलं महत्त्वाचं, आणा काय ते. काही म्हणतात, जो बाप घरात असले उद्योग करतो त्याच्याकडे मूल द्यायचं कशाला?"

"आणि नको तो भाग कापला तर?"

"तर विसराच. द्यायचं तर सगळं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मूळ यंत्रासकट."

त्याने शहाण्यासारखी मान डोलावली, आणि दुसऱ्याच दिवशी यंत्र सुरू ठेवून कामावर गेला.

पहिल्यांदा ऐकलं ते एका इमारतीच्या गच्चीवरच्या मोटरखोलीत, डबा खाता खाता. चमच्यांची किणकिण, नळ, खुर्ची सरकल्याचा आवाज. "पेन्सिल कुठे टाकलीस?" "वर्गात असेल." असलंच सगळं. आई त्याच्याविरुद्ध मुलीचे कान भरत असेल, अशी त्याला आशा होती. तिने त्याचं नावसुद्धा काढलं नाही. त्याला चक्क राग आला.

मग बोलणं थांबलं. थोड्या वेळाने आई म्हणाली, "नाही, रोज नाही."

पुन्हा शांतता.

"एकदाच मारलंय तिला. फार दमले होते. नंतर मीच रडत बसले."

"मी नाही रडले," ठकी म्हणाली.

हाच तर पुरावा! तो घास हातात धरून तसाच बसला. पण आनंद व्हायच्या आतच मनात शंकेची पाल चुकचुकली. आईचा तो नेहमीचा, टेबलाजवळचा आवाज नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत ती जशी बोलायची, तसा होता. इतक्या मोकळेपणी ती कोणाशी बोलत होती? फोनवर असावी म्हणावं, तर ठकीही त्याच माणसाला उत्तरं देत होती.

म्हणजे घरात कोणीतरी येत होतं.

त्याने तो भाग मोटर तपासावी तसा पुन्हा पुन्हा ऐकला. घंटा वाजली नव्हती. तिसरी खुर्ची सरकली नव्हती. मधल्या शांतता मात्र सारख्या नव्हत्या. काही छोट्या, काही लांब, एखाद्याला प्रश्न विचारायला जेवढा वेळ लागेल तेवढ्या. आणि त्या जागी फ्रिजची घरघरही ऐकू येत नव्हती. उत्तर सुरू झालं की घरघर परत यायची.

त्या दिवसापासून तो डोळ्यांत तेल घालून पाहू लागला. न सांगता लवकर घरी यायचा. धुवायला टाकलेले कप मोजायचा, सोफ्याच्या उशा उलटसुलट करायचा, टॉवेलांचा वास घ्यायचा. ठकीला त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरी कोणी येतं का गं?"

"तुम्हीच येता की," ठकी म्हणाली.

मग त्याने एका संध्याकाळचं जेवण ऐकलं. त्या दिवशी तो स्वतः टेबलाशी होता आणि तिघंही मूग गिळून जेवले होते, हे त्याला पक्कं आठवत होतं. रेकॉर्डरमध्ये ताटांचा आवाज होता. मग घरघर थांबली. परत आली तेव्हा त्याचाच आवाज होता.

"हो, जीव आहे माझा तिच्यावर."

शांतता.

"एकट्याला झेपेल का, माहीत नाही."

लांब शांतता.

"खरं सांगू? तिच्या आईला मिळू नये, म्हणून जास्त."

त्याने इअरफोन काढून शर्टाला पुसले. हे आपण बोललो नाही, याची त्याला शपथेवर खात्री होती. भीती वाटलीच, पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याऐवजी तो बाहेर भटकत राहिला, दोघी निघून गेल्यावर घरी येऊन त्याने रेकॉर्डर काढून घेतला आणि तसाच वकीलबाईंकडे गेला. सकाळचं बोलणं त्याने अजून ऐकलं नव्हतं. जेवणाचा तो भाग वगळता येईल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. वकीलबाईंनी शेवटचं रेकॉर्डिंग लावलं. ऐकता ऐकता त्यांचं पेन थांबलं.

"हे गृहस्थ कोण?"

"कोण गृहस्थ?"

"प्रश्न विचारणारे."

"तुम्हाला ऐकू येतात ते?"

"म्हणजे काय! चांगले स्पष्ट. काय नम्र बोलतात हो, कोर्टातसुद्धा इतक्या गोडीने कोणी विचारत नाही." मग त्यांच्या आवाजातली गोडी संपली. "कुठून आणलात यांना? मुलीला पढवलेलं मी दाखल करणार नाही. तुमची मुलगी तर जाईलच, माझी सनदही जाईल."

"ते काय विचारतायत?" त्याने विचारलं.

वकीलबाईंनी पेनच्या टोकाने रेकॉर्डर त्याच्याकडे सरकवला.

"विचारतायत, कोणाकडे राहायचं. तिचं उत्तर तुमचं तुम्ही ऐका."

तो घरी पोचला तेव्हा दुपार झाली होती. ठकी शाळेतून येऊन तिच्या खोलीत होती. आई टेबलाशी बसली होती. त्याने रेकॉर्डर टेबलावर ठेवला. तिने तो पाहिला, आपल्या बाजूने टेबलाखाली हात घातला आणि स्वतःचा काढून शेजारी ठेवला.

"मला वाटायचं, विचारणारा तू आहेस," ती म्हणाली. "माझ्या मागे. ठकीला हाताशी धरून."

"तुला ऐकू येतं ते?"

"नाही. फक्त आपली उत्तरं."

किती तरी दिवसांनी ते दोघं अर्धवट वाक्यांत बोलत होते. त्याला ते बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. त्याने सकाळचं रेकॉर्डिंग सुरू केलं.

घरघर. घरघर थांबली.

"नाही. बाबाकडे नको," ठकी म्हणाली.

शांतता.

"आईकडे पण नको."

आईने तोंडावर हात धरला. पुढची शांतता इतकी लांब होती की रेकॉर्डर बंद पडला असं त्याला वाटलं.

"चालेल," ठकी म्हणाली. "पण तुमच्याकडून शाळा लांब पडेल ना?"

शांतता.

ठकी खुदकन हसली. "मग बरंच आहे. आज?"

शांतता.

"दुपारी. बरं."

दोघं एकदमच उठले. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ठकी पलंगावर बसली होती. बूट घातलेले, केस स्वतःच विंचरलेले, भांग जरा वाकडा. दोन्ही हात मांडीवर. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

त्यांच्या पाठीमागे स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर थांबली.

ठकीने त्यांच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून, समजूतदारपणे आवाज खाली आणला.

"हळू बोला," ती म्हणाली. "हे दोघं चोरून ऐकतात."

तिचे हात मांडीवरच होते. दार मात्र आतून हळूच लागलं.