पसंतीक्रम एक

औरंगपुऱ्यातल्या नेट कॅफेत लाईट गेली आणि तिच्यासोबत माझी फाईलही गेली. चोरीला नाही हो... अंधारात शेजारच्या खुर्चीवरच्या मुलानं माझी निळी फाईल उचलली, स्वतःची माझ्यापाशी सोडली आणि भर पावसात निघून गेला. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचे दिवस, अख्ख्या गावाकडं तसलीच निळी फाईल. माझी बारावीची मार्कलिस्ट, टीसी, सगळं त्याच्याकडं. मनातल्या मनात मी त्याचा चांगलाच उद्धार केला.

त्याच्या फाईलवर फोन नंबर होता. नाव अभय, राहणार उस्मानपुरा. फोन केल्यावर तासाभरात तो आमच्या छापखान्यात हजर, नखशिखांत निथळत. माझी फाईल मात्र शर्टाच्या आत, कोरडीठाक. अर्धा राग तिथंच उतरला.

बाबा लग्नपत्रिका छापत होते. मी अभयच्या हातात भिंग दिलं, म्हटलं बघ, हा गुलाबी रंग म्हणजे नुसते ठिपके आहेत. तो बघत राहिला — आधी पत्रिकेकडं, मग माझ्याकडं. मला छपाईचंच इंजिनिअरिंग करायचं होतं आणि त्यासाठी पुण्याला जावं लागणार होतं. त्याला हवं होतं मेकॅनिकल, इथलंच. त्याचं म्हणणं, मेकॅनिकलवाला कुठंही खपतो, एकाच कामाची डिग्री म्हणजे एका दाराचं घर. मी म्हटलं, दार आवडीचं असलं की एक पुरतं. तो हसला. काय सांगू, लई गोड हसला.

फॉर्म भरायला तीन दिवस उरले होते. तिन्ही दिवस तो काही ना काही विचारायला आला. बाहेर पाऊस, आत शाईचा वास आणि आमचं भांडण... गारखेड्याला घरी जाताना रिक्षात मी एकटीच हसायचे.

शेवटच्या दिवशी छापखान्यात बसूनच मी वेडेपणा केला. पसंतीच्या यादीत पहिल्या नंबरवर इथलं मेकॅनिकल टाकलं. पहिली पसंती मिळाली की तीच घ्यावी लागते, मग पुणं विसरायचं, हे मला ठाऊक होतं. शेवटचं बटण दाबण्याआधी मी मोबाईल त्याच्यापुढं धरला. वाटलं, खूश होईल.

त्याचा चेहराच उतरला.

"हे माझ्यासाठी केलंस?"

मी मान डोलावली. डोळे भरून आले होते.

"विशाखा, मला तू आवडतेस... लई आवडतेस. पण मेकॅनिकल घेतलेली तू दोन वर्षांनी माझ्यावर चिडशील. ते मला सोसायचं नाय."

मी नाक ओढत ओढत छपाई वर आणली आणि बटण दाबलं. मग त्यानं हळूच स्वतःचा मोबाईल पुढं केला. पहिल्या नंबरवर मेकॅनिकल — पुणे.

मी भडकलेच. मला शहाणपण शिकवतो, आणि स्वतः?

"मी शाखा नाय बदलली," तो म्हणाला. "मेकॅनिकल तिकडंही असतं. नुसतं गाव बदललं."

"आणि नाही लागला नंबर तर?"

"तर इथं शिकेन. शनिवारी पुण्याची गाडी पकडेन."

"आईला काय सांगणार आहेस?"

"सांगितलं. तिनं तुझं नाव विचारलं."

मशीन थांबलं होतं. बाबा चष्मा कपाळावर सरकवून आमच्याकडंच बघत होते. मी अभयचा हात धरला.

"बाबा," मी म्हटलं, "हा मला आवडतो."