शनिवारचा गाळ

नीरजाच्या आईनं पोह्यांवर लिंबू पिळता पिळता गोष्ट सुरू केली. शेजारच्या अक्काताईंच्या लग्नात वावटळीनं मंडपच उचलला होता आणि नवरदेव गायब झाला होता म्हणे. नीरजाच्या कानामागं चिकटवलेली, ऐकलेलं साठवणारी टिकली गप्प होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षी ती थरथरायची, 'जपू?' असं विचारायची. एक टिचकी मारली की जपायचं, दोन मारल्या की टाकायचं. नीरजानं इतक्या वेळा दोन टिचक्या मारल्या होत्या, की आता तिला विचारलंच जात नसे. आईचं वाक्य संपायच्या आत ते टाकून झालेलं असे.

"ऐकतेस ना?"

"हो गं."

"मग सांग, नवरदेव कुठं सापडला?"

"आई, आज माझी मुलाखत आहे," नीरजा म्हणाली आणि बॅग घेऊन निघाली.

टिकलीत दिवसभराचं ऐकलेलं, बोललेलं साठत असे आणि तिच्यातली 'गाळणी' त्यातलं राखण्याजोगं तेवढं निवडत असे. माहितीची कोठारं थंड ठेवायला लागणारं पाणी आणि वीज पुरेनाशी झाली, तेव्हापासून प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक गावाला साठ्याचा वाटा ठरवून दिलेला होता. त्यामुळे काय जपावं, हा एक व्यवसाय झाला होता आणि त्याचं शिक्षण नीरजा मगदूम इचलकरंजीत घेत होती, हे तिच्या मते तिचं दुर्दैव.

कॉलेज दोन वर्षांचं. बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये ते भरे आणि पंखे लागले की जुन्या वंगणाचा वास उठे. इथून बरी मुलं तिसऱ्या वर्षाला पुण्याच्या विद्यापीठात जात. उरलेली महानगरपालिकेच्या कोठारात चौकातल्या कॅमेऱ्यांची चित्रणं पुसत बसत. नीरजा पहिल्या दिवसापासून पुण्यातच होती, फक्त शरीरानं इथं होती. चौगुले सर 'प्रतिमान' म्हणायच्या ऐवजी 'ते आपलं हे' म्हणत. मुलं डबा उघडला की माहितीशास्त्र विसरत. आणि तन्वीर मुजावर? त्याची गाळणी म्हणजे पोतं होतं. येईल ते आत. महिना अर्धा सरला नाही तोच त्याचा वाटा भरून जाई.

आजही तो दारातच उभा होता. "काय मगदूमबाई, पुण्याला जाऊन ओळख द्याल का?"

"तुझ्या गाळणीला भोकं पाड आधी."

"पाडली असती, पण तुझे टोमणे गळून जातील की गं. तेवढाच तर माल चांगला आहे."

चौगुले सरांचा एक नेम होता. टाकलेलं सगळं शनिवारपर्यंत 'गाळ' म्हणून राही आणि मग कायमचं नष्ट होई. त्याआधी प्रत्येकानं आपला गाळ चाळून बघायचा, कारण तिथं मारलेली टिचकीच गाळणीची सवय बदलू शके. नीरजा दोन वर्षांत एकदाही गाळ चाळायला बसली नव्हती. आपला गाळ तपासणं हे ज्यांना स्वतःची खात्री नाही त्यांचं काम, असं ती म्हणे. सर हसून म्हणत, "बघ बाई, तुझी मर्जी."

मुलाखत पडद्यावर होती. विद्यापीठ गुण विचारत नसे; विद्यार्थ्याच्या गाळणीनं त्याच्या स्वतःच्या दोन वर्षांतलं काय राखलं, एवढंच बघे. डॉ. वर्तक चष्मा सारखा करत म्हणाल्या, "तुमची गाळणी फार स्वच्छ आहे."

"थँक्यू, मॅडम."

"स्वच्छ म्हटलं, चांगली नाही म्हटलं. यात पुण्यातल्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत. माझीही आहेत. ती मला पाठ आहेत हो. तुम्ही कुठं आहात?"

"माझा प्रकल्प आहे ना. पाण्याच्या तक्रारींचा."

"नाही. पहिल्याच वर्षी टाकलाय. गाळणीनं कारण दिलंय: स्थानिक, किरकोळ."

"गाळणीची चूक झाली असेल."

"चूक? जे या गावात, या भाषेत, या शेडमध्ये घडलं ते टाकायचं, असं तुम्ही तिला शिकवलंत. तुमचं सगळं तिथंच घडलं. तिनं हिशेब लावला. संध्याकाळपर्यंत दाखवण्यासारखं काही आणा. मात्र ते तुमच्या गाळणीनं राखलेलं असलं पाहिजे. तिला चुकवून दिलेलं आम्ही घेत नाही."

मुलाखतीच्या खोलीबाहेर तन्वीर शेंगा खात बसला होता. तिचा चेहरा बघून त्यानं काही विचारलं नाही, आणि याचाही तिला राग आला. मग तिला तोंड उघडावंच लागलं. "तुझ्या पोत्यात माझं काही आहे?"

"काही? बाई, निम्मं पोतं तूच आहेस."

त्यानं त्यातलं थोडं तिच्या टिकलीवर पाठवलं. पोचता पोचताच ते गाळात गेलं. स्थानिक, किरकोळ. त्यानं पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. शेवटी त्यानं ते मोठ्यानं लावलं. शेडमध्ये नीरजाचा आवाज घुमला. त्यात चौगुले सरांची नक्कल होती, तन्वीरच्या डब्याची टिंगल होती. त्यानंतर तोच आवाज, घरच्या हेलात, भराभर:

"अरे, ज्या गल्लीतनं तक्रार येते तिथं निदान कधीतरी पाणी येतंय. जिथनं तक्रार थांबली, तिथं बघायला पायजे. तिथल्या बायकांनी फोन करायचंच सोडलंय. गप्प गल्ली म्हणजे सुखी गल्ली न्हवं रं!"

"हे तू वर्गात प्रकल्प सांगताना बोललेलीस," तन्वीर म्हणाला. "सर उठून उभे राहिलेले. तुझं लक्ष नव्हतं, तू घड्याळ बघत होतीस."

नीरजा रिकाम्या वर्गात जाऊन बसली. आज शुक्रवार होता. तिनं आयुष्यात पहिल्यांदा गाळ उघडला. एका टिचकीनं भागणार नव्हतं, हे तिला शास्त्र म्हणून ठाऊक होतं. तन्वीरनं पाठवलेला तिचा प्रकल्प राखायचा तर गाळणीला आधी हे गाव राखण्याजोगं वाटायला हवं होतं. म्हणजे एकेक ऐकत, एकेक टिचकी. आठवड्यातलं सगळं खाली रांगेत होतं: बसमधली भांडणं, सरांचं 'ते आपलं हे', तन्वीरचे फालतू विनोद. तन्वीरनं पाठवलेलं सोडलं तर सर्वांत वर आजची सकाळ होती.

"...तर नवरदेव सापडला कुठं? अक्काताईंच्याच माळ्यावर! वावटळीला भिऊन, बाशिंगासकट!" आणि आईचं हसणं, एकटीचंच.

टिकली थरथरली. जपू?

नीरजानं बोट उचललं. गाळणी टिचकी ओळखायची, हे तर खरंच. पण दोन वर्षं ती फक्त टिचक्याच मोजत होती, की टिचकी मारणारीचं मनही शिकत होती? आणि तसं असेल, तर पुण्यासाठी मारलेली ही टिचकी ती खरी मानेल का?