थांबलेली सुई

त्या सकाळी वडिलांनी भांडी घासायचा ओला स्पंज बशीत ठेवला आणि मुलीला विचारलं, "यातलं पाणी न पिळता मोजायचं, तर काय काय माहीत हवं?"

पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, चहा गार होतोय तुमचा."

ते थोडेच ऐकणार. जमिनीखालच्या, कुणी न पाहिलेल्या दगडात तेल किती आणि त्यातलं हाती किती लागेल, हे मांडण्यात त्यांचा जन्म गेला होता. दगड केवढा, त्यात छिद्रं किती, छिद्रांत पाण्यानं जागा किती अडवलीय, हे कळलं की साठा कळतो. पण सगळा निघत नाही. हावरटासारखं उपसलं, तर खालचं पाणी आधी वर चढतं आणि तेल आतच अडकतं, कायमचं.

"टेकडीमागच्या तेलविहिरीचं तेच झालंय, असं मला वाटतं. परवा मीच बंद केलीय ती. उपसलेली पाण्याची विहीर कशी भरते? आधी भराभर, मग रेंगाळत. आतल्या दाबाचंही तसंच. आमचा दगड घट्ट, त्यामुळे दाब दाखवणाऱ्या गेजची सुई पहिला अख्खा दिवस चढत राहते. उद्यापर्यंत ती थांबेल. मग किती बिघडलंय ते कळेल. समजलं का?"

"हं," ती म्हणाली. हा प्रश्न ती लहानपणापासून ऐकत आली होती, आणि उत्तर कायम एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीपाशी ते मेलेले सापडले.

*

"कंपनी म्हणते, मास्क न लावता त्यांनी स्वतःच विहीर उघडली, विषारी वायू आला आणि ते गेले," मुलीनं तपासनीस बाईंना सांगितलं. "अहवाल तयार आहे. चूक त्यांची. आयुष्यभर दुसऱ्यांना मास्क लावायला लावणाऱ्या माणसाची."

बाईंनी कारखान्यांतल्या अपघातांच्या चौकशीत उमेदीची वर्षं घालवली होती. आता त्या खासगी कामं घेत. सोबतीला त्यांचे दीर, निवृत्त चित्रकला शिक्षक. भावजींना विनोदसुद्धा दुसऱ्या दिवशी कळत.

"तुम्ही तिथे पोहोचलात, तेव्हा काय पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"सुई. मॅनेजर सांगत होते, आत्ताच बाबा दिसले, आत्ताच मी धावत जाऊन विहिरीचा व्हॉल्व्ह बंद केला. मला बाबांच्या चेहऱ्याकडे बघवेना. स्ट्रेचर येईपर्यंत गेजकडेच बघत राहिले. सुई जागची हलली नाही."

मग तिनं वडिलांच्या खिशातला रुमाल पुढे केला. त्यावर लाल ओघळ होता. "रक्त म्हणावं, तर अंगावर कुठे खरचटलेलंही नव्हतं."

भावजींनी रुमाल उजेडात धरला. "वहिनी, हा रंग आहे. रक्त असतं तर एव्हाना काळपट पडलं असतं."

"बघा, भावजी आज त्याच दिवशी बोलले," बाई म्हणाल्या. पण त्या हसल्या नाहीत.

*

विहिरीतून निघालेलं तेल साठवायच्या टाकीजवळच्या खोलीत ऑपरेटर भेटला. तो नजर चुकवत होता. त्या दिवशी टाकी कुणी मोजली नाही, हे त्यानं न विचारताच सांगितलं. बाकावर तपकिरी पेस्टची डबी होती. भावजींनी ती हुंगली आणि ही बुटांना लावायची का, असं विचारलं. तेव्हा कुठे तो जरा मोकळा झाला. मोजपट्टीच्या टोकाला ती फासून पट्टी टाकीत सोडायची. तेल लागलं तर तशीच राहते, पाणी लागलं की लाल होते. मग पट्टी पुसायची, चिंधीनं, नाहीतर रुमालानं.

भिंतीवर हवेच्या सिलिंडरवर चालणारे दोन मास्क होते. भावजींना राहवलं नाही. त्यांनी एक चढवला, सिलिंडरची चावी फिरवली आणि गुदमरून ओरबाडून काढला. दुसराही रिकामा निघाला. ऑपरेटर जमिनीकडे बघत म्हणाला की भरून आणायचं साहेबांना कधीचं सांगितलंय.

मॅनेजर ट्रकच्या वाहतुकीतून वर चढलेला होता. विहिरीतून रोज किती निघालं, एवढंच तो बघे. वडील हट्टी होते, वय झालं होतं, असं त्यानं फार आदरानं सांगितलं. बाईंनी व्हॉल्व्हचा विषय काढताच तो वैतागला.

"तो आता बंद आहे. बंद म्हणजे बंद. बंद व्हॉल्व्हकडे बघून काय कळणार तुम्हाला?"

"तेच शिकायचंय," बाई म्हणाल्या.

*

आठवड्याभरात बाईंनी सरकारी सुरक्षा निरीक्षकाला तिथे आणलं. त्यानं स्वतःचे मास्क आणले होते. सकाळभर विहीर वाहती ठेवली, दुपारी मॅनेजरच्याच हातानं बंद करवली. वायू पांगल्यावर सगळे गेजभोवती उभे राहिले.

सुई चढत होती. सरळ डोळ्यांना दिसेल अशी.

"गेज बिघडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "आत्ता बंद केलेल्या विहिरीची सुई अशी पळते. हिनं पाहिलेली थांबलेली होती. म्हणजे विहीर त्या दिवशी उघडलीच नव्हती. हिच्या वडिलांनी बंद केली, तशीच होती. मग वायू इथला नव्हे. वायू साचतो आणखी एका ठिकाणी, टाकीच्या झाकणाखाली. रुमालावरचा लाल रंग मोजपट्टीचा. ते टाकीवर गेले, तेलाखाली पाणी किती ते मोजलं. पट्टी लाल निघाली, कारण मॅनेजरसाहेब, रोजच्या आकड्यात तुम्ही तेलाच्या नावाखाली पाणी दाखवत होता. लावायला मास्क होते, पण दोन्ही रिकामे."

"टाकीवर गेले असतील, तर इथे कसे सापडले?" मॅनेजर म्हणाला.

ऑपरेटर पुढे झाला. "आम्ही आणलं. टाकीचा जिना उतरून पायथ्याशी कोसळले होते, श्वास चालू होता. साहेब म्हणाले, विहिरीकडे मोकळी हवा आहे, तिकडे नेऊ, डॉक्टरला फोन मी करतो. मला पंपावर पाठवलं. मला वाटलं, फोन केला."

निरीक्षकानं मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनं मान खाली घातली.

भावजींनी चष्मा काढला आणि उगीच पुसत राहिले. "म्हणजे वहिनी, पहिल्याच दिवशी ही पोरगी आपल्याला सगळं सांगून गेली होती."

"तिनं नाही, तिच्या बाबांनी. त्यांनीच शिकवलं होतं."

निरीक्षक मॅनेजरला घेऊन गाडीकडे गेला. ऑपरेटर मागोमाग निघाला. बाईंनी भावजींच्या दंडाला धरून त्यांना बाजूला नेलं.

मुलगी गेजपाशी एकटी उरली. सुई आता रेंगाळू लागली होती. तिनं काचेवर तळवा टेकवला.

"समजलं, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "तेव्हाही समजत होतं."