खिंडीत गार पडलेला हीटर

दार नीट ओढून घ्या, चुलीत दोन गोवऱ्या टाका, मग ऐका. गल्सन आणि मी बावीस वर्षं एकाच मालकाकडे ट्रक चालवले. माणूस असा की थाप मारायला गेला तर त्याचे कानच लाल व्हायचे. त्यानं मला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो, पदरचं काही घालत नाही.

तीन वर्षांपूर्वीची बारा जानेवारी. हिवाळ्याच्या तिसऱ्या नवकातली, म्हणजे नऊ-नऊ दिवसांच्या तिसऱ्या फेरीतली, चौथी रात्र, थंडी उणे अडतीस. गल्सन बायकोला, दुलमाला, आणि अकरा दिवसांच्या लेकीला अर्वायहेरच्या इस्पितळातून आपल्या आईच्या गेरकडे, तिच्या लोकरी तंबूच्या घराकडे, घेऊन निघाला होता. रस्ता पायाखालचा. गाडी जुनी जपानी. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावलेला, बॉनेटवर लोकरीची गोधडी. चाळिशी उलटल्यावर झालेलं पहिलं मूल, त्यामुळे गडी नुसता हवेत होता.

पावणेबाराला खिंड आली. वरच्या दगडांच्या राशीपाशी डोंगराच्या धन्याला मान म्हणून आपण तीनदा हॉर्न देतो आणि गुपचूप पुढे होतो. यानं हॉर्न दिला, काच खाली केली आणि डोंगराला ऐकू जाईल असं लेकीचं नाव ओरडला.

“अहो, वेड लागलंय का?” दुलमा दबक्या आवाजात म्हणाली. “तान्ह्याचं नाव रात्री घेतं का कुणी? तेही इथं?”

“कळू दे की डोंगराला! त्याला काय कमी आहे, तो कशाला आपलं न्यायला येतोय?”

किलोमीटरभर पुढे गेल्यावर हीटरमधून गार वारा यायला लागला.

गल्सनच्या मनात आलं, उन्हाळ्यात आळस करून रेडिएटरच्या टाकीत नुसतं पाणी ओतलं होतं, तेच गोठलं असणार. इंजिन चालू ठेवून तो उतरला. टाकी खुणेपर्यंत भरलेली. हीटरला दोन नळ्या जातात. एक गरम, एक गार लागली तर हीटर तुंबलाय. दोन्ही गार, तर पाणीच फिरत नाही. तुम्ही लोक यासाठी फोन उघडून बसता. त्यानं हातमोजा काढून दोन्ही नळ्या धरल्या. दोन्ही चटका देत होत्या.

मग गार वारा येतोय कुठून?

तो आत येऊन बसला. पंखा बंद केला. वारा चालूच. पंख्याची तार उपटली. तरीही चालूच... आणि सगळ्या जाळ्यांतून नाही. दुलमासमोरच्या एकाच जाळीतून. सरळ बाळावर.

“हात धरून बघा,” दुलमा म्हणाली. “थांबून थांबून येतोय.”

त्यानं हात धरला.

आला. थांबला. आला...

श्वास होता तो.

दुलमानं बाळाला कोटाच्या आत घेतलं, वरून बटणं लावली. बाळ रडायचं थांबलं होतं. ओठ निळे पडले होते. पुढचं घर चाळीस किलोमीटरवर, फोनला रेंज नाही. आपण ओरडलो म्हणून लेक जाणार, एवढंच गल्सनच्या डोक्यात होतं.

मग जाळीतून कुणीतरी हळूच नाव घेतलं. बाळाचं. ते मी इथं सांगणार नाही, बाहेर अंधार आहे.

दुलमाच्या तोंडून ओ निघणार, तेवढ्यात गल्सननं तिचं तोंड दाबलं.

“इथं त्या नावाचं कुणी नाही,” तो जाळीला म्हणाला.

...

“मूलच नाही आमच्याकडे. कोकरू आहे. अवेळी झालंय, घरी नेतोय.”

...

गाडी किंचित कलली. मागच्या सीटवर कुणी बसलं की कलते, तशी. दोघांनी मागं पाहिलं नाही. श्वाससुद्धा घेतला नाही.

किती वेळ गेला, देव जाणे. गाडी सरळ झाली. गल्सननं तार जोडली. वारा आला.

गरम.

पहाटे तीनला घरी पोचले. बाळ आता लालबुंद होऊन भुकेनं टाहो फोडत होतं. ते ऐकून गल्सन दारातच बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याच्या आईनं हसत हसत नातीला घेतलं, दुपट्यावर गुंडाळलेली दोरी सोडायला गेली आणि थांबली.

“सूनबाई, ही दोरी कुणी बांधली?”

“मीच. इस्पितळातून निघताना. त्यानंतर पोरीला हातातून खाली ठेवलंच नाही मी.”

म्हातारीनं दिवा जवळ घेतला. दोरी कुणीतरी सोडून पुन्हा बांधली होती. गाठ वेगळी होती. आपलं कोकरू दावणीला अडकवून ठेवताना धनी मारतो, ती.