ढगात धूर कुणी नेला?

उंबरसड्यावर सकाळ झाली की ढग अगदी दारात येऊन बसत. हात बाहेर काढला तर बोटं ओली व्हायची. सह्याद्रीच्या माथ्यावरचं हे कातळी पठार, आणि त्यावर एकटीच उभी असलेली ढगशाळा. डॉक्टर विश्राम केळुस्कर, म्हणजे सावनीचे भाऊआजोबा, तिथे ढगांचा अभ्यास करत. सुट्टी लागली की सावनी त्यांच्याकडे राहायला यायची. तिसरा रहिवासी होता टिपूस, गुडघ्याएवढा यंत्रमानव. उंची बेताची, पण जीभ लांब.

त्या सकाळी टिपूस म्हणाला, "भाऊ, कालच्या ढगात धूर होता."

"धूर? वणवा लागला असेल कुठेतरी."

"कुठेच नाही. मी सगळ्या उपग्रहांना विचारून आलो. गाड्या तर आता विजेवरच चालतात. तरी आपण रोज ढगात सोडतो त्या फुग्याच्या उपकरणाला कार्बन मोनॉक्साइड (जळण्यातून निघणारा, बिनरंगाचा, बिनवासाचा विषारी वायू) सापडला."

"मग काय ढगाने चूल पेटवली?" असं म्हणून आजोबांनी उपकरण उघडलं, पुसलं, तपासलं. ते ठणठणीत होतं. गंमत म्हणजे एखाद्या दिवशी धूर असे, एखाद्या दिवशी अजिबात नसे. आजोबांनी डोकं खाजवलं आणि ते विचार करायला म्हणून सिगारेट घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसले.

सावनी त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिला एकदम फुग्याची आठवण झाली. ढगशाळेची एक रीत होती. रोज फुगा सोडण्याआधी त्याच्या तोंडातून कुणीतरी पहिला श्वास फुंकायचा, मग वायू भरायचा. माणसाचा श्वास घेऊन गेलेला फुगा वाट चुकत नाही, असं आजोबा हसत हसत सांगत. पण वर हवा विरळ असते. तिथे फुगा फुगत जातो आणि त्याच्या तोंडातून आतली थोडी हवा बाहेर पडते. उपकरण नेमकं त्या तोंडाखालीच टांगलेलं.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "मी फुंकते त्या दिवशी ढग स्वच्छ असतो. तुम्ही फुंकता त्या दिवशी धूर असतो."

आजोबांच्या हातातली सिगारेट तशीच राहिली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ते पुटपुटले. बिचारे ओशाळलेच. बाहेर मोठा फुगा घड्या घालून तयार होता. सगळ्या पृथ्वीला फेरी मारून येणारा, त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा. त्याला पहिला श्वास त्यांनाच द्यायचा होता.

"त्यात काय, भाऊ," टिपूस म्हणाला, "एक-दोन दिवस ओढली नाहीत तरी हा वायू रक्तातून निघून जातो."

"झालं तर मग." आजोबांचा चेहरा खुलला.

"आणि फुगा गेला की परत ओढणार?" सावनीने विचारलं. "मला फुग्याचं काही नाही. तुम्ही खोकता तेव्हा मला भीती वाटते. मला तुम्ही हवे आहात. तुम्हाला एवढं सगळं कळतं, मग ही का सुटत नाही?"

आजोबांनी हातातली सिगारेट खाली ठेवली. किती वेळा सोडली आणि किती वेळा धरली, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. उत्तर टिपूसने दिलं.

"कळणं आणि सुटणं वेगळं. धुरातलं निकोटिन (तंबाखूतलं सवय लावणारं रसायन) क्षणात मेंदूत पोचतं. तिथे त्याचे ग्राहक (पेशींवरची, ठरावीक रसायनालाच उघडणारी दारं) असतात. समज, तू दारात मांजराला दूध ठेवलंस. उद्या दोन मांजरं येतील, परवा चार. तसे ओढणाऱ्याच्या मेंदूत ग्राहक वाढतात. दूध मिळालं नाही की सगळी ओरडायला लागतात. तीच तलफ."

"मग दूध बंद करायचं," सावनी म्हणाली.

"हो. काही दिवस फार ओरडतील. मग हळूहळू पांगतील. आणि एकेक तलफ चार-पाच मिनिटांचीच असते. ढगासारखी येते, दाटते, जाते. तिच्याशी मारामारी करायची नाही, ती जाईपर्यंत फक्त थांबायचं."

आजोबांनी मान डोलावली. ढग थांबवता येत नाहीत आणि ते थांबतही नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

सिगारेट सोडायला सोमवार ठरला. आजोबांनी सगळ्या मित्रांना फोन करून सांगून टाकलं, म्हणजे मागे फिरायला लाज वाटावी. कपाटातली पाकिटं, काड्यापेट्या, रक्षापात्र, सगळं घराबाहेर गेलं. पायथ्याच्या डॉक्टरीणबाईंनी निकोटिनचं च्युइंगगम दिलं. ते थोडं थोडं कमी करत न्यायचं होतं, म्हणजे मांजरं एकदम अंगावर येत नाहीत. तलफ आली की आजोबा घोट घोट पाणी पीत, लांब श्वास घेत, लवंग चघळत, नाहीतर सावनीबरोबर धुक्यात चालायला जात. चिडचिड मात्र विचारू नका. टिपूसला तर ते एकदा डबडं म्हणाले.

आणि एका दुपारी ते घसरलेच. खाली गावात गेले होते, तिथून एक आणून ओढली, आणि मग स्वतःच येऊन सांगितलं. सावनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कुठे ओढलीत? कशानंतर?" टिपूसने विचारलं.

"चहानंतर. मागच्या पायरीवर."

"म्हणजे सिगारेट गेली, पण तिची जागा आणि वेळ तशीच राहिली. चूक माझी, मी फक्त पाकिटांकडे बघितलं. घसरलं म्हणजे सगळं बुडालं असं नाही, भाऊ. उठायचं आणि पुढे निघायचं."

दुसऱ्या दिवसापासून चहा पुढच्या ओट्यावर, तांदूळ निवडता निवडता. हातांना काम मिळालं. मागच्या पायरीवर सावनीने तुळशीच्या कुंड्या मांडल्या, बसायला जागाच ठेवली नाही.

मोठ्या फुग्याची सकाळ उजाडली तेव्हा सडा पांढऱ्या धुक्यात तरंगत होता. आजोबांनी फुग्याच्या तोंडाला ओठ लावले आणि लांब, शांत श्वास सोडला. खोकला आला नाही. वायू भरला, दोर सुटला, आणि फुगा ढगातून वर वर जात दिसेनासा झाला. बऱ्याच वेळाने टिपूस म्हणाला, "हवा स्वच्छ आहे."

सावनीला आनंद झाला, पण धाकधूकही वाटली. ज्याच्यासाठी सिगारेट सोडली, तो फुगा तर आता गेला होता. तिने पाहिलं, आजोबांची दोन बोटं एकमेकांवर घासत होती.

"आली का तलफ?"

"आली."

"मग?"

"मग काय. बस इथे. जाईल."

ती त्यांना टेकून बसली. धुकं अंगावरून जात राहिलं. थोड्या वेळाने त्यांची बोटं थांबली आणि खांदे सैल झाले.

"गेली," ते म्हणाले. मग वर बघत म्हणाले, "सावने, तू मोठी झालीस की स्वतःचा फुगा बनव. चंद्रापर्यंत जाणारा बनव हवं तर. त्याला पहिला श्वास तू द्यायचा."

"आणि तुम्ही?"

"मी बघायला असेन."