नाण्यांना काच, अक्काला गोणपाट

"माझ्या फळ्या कुठं हायेत?"

झुंबरबाईनं विचारलं तेव्हा डोक्यावरचा वैरणीचा भारा तिनं अजून उतरवलाही नव्हता. दारातूनच तिला बाजेखालची मोकळी जागा दिसली होती... आणि ओसरीवर तिचा धाकटा भाऊ, सहादेव मास्तर, मांडी घालून बसला होता. हातात पटाशी, भोवती कडुलिंबाचा पिवळसर भुसा आणि मांडीवर तिच्या दाराची फळी! फळीत ओळीनं गोल गोल खळगे कोरलेले होते.

"नाण्यांच्या चौकटी करतोय, अक्का," मान वर न करता तो म्हणाला. "नगरला प्रदर्शन आहे. एकेका खळग्यात एकेक नाणं, वर काच. बघ तर किती सुबक झालंय!"

"त्या फळ्या माझ्या दाराच्या हुत्या."

"घरातलंच लाकूड ना? दाराचं पुढच्या साली बघू."

पुढच्या साली! झुंबरबाईच्या काळजात निखारा पडला. आई गेली तेव्हा सहादेव रांगत होता. ती नुकती सासरी नांदायला गेली होती. आईच्या दिवसांना माहेरी आली आणि या पोराला टाकून तिला परत जाववलं नाही. नवऱ्यानं निरोपावर निरोप धाडले, वाट पाहिली आणि शेवटी दुसरी बायको केली. गावानं तिला 'टाकलेली' म्हटलं आणि तिनं म्हणू दिलं, पोराच्या मनावर ओझं नको म्हणून! त्याला वाढवलं, मास्तर केलं, त्याचं लग्न लावलं आणि नव्या संसाराला जागा हवी म्हणून आपण होऊन धान्याच्या कणग्यांशेजारच्या खोलीत गेली. त्या खोलीला दार नव्हतं, नुसता गोणपाट होता. लुगडं बदलताना त्याची कड पायानं दाबून धरायची, पाहुणे असले की उजाडायच्या आत नेसून घ्यायचं, तापानं फणफणली तरी येणारा-जाणारा बघेल म्हणून तोंडावर पदर ओढून पडायचं... एकाहत्तर सालच्या वादळात बांधावरचा लिंब पडला, तेव्हा तिनं स्वतः बैलगाडीतून वखारीत नेऊन तो कापून आणला होता. वर्षभर फळ्या बाजेखाली सुकत होत्या.

तिनं भारा धाडकन अंगणात टाकला.

"तुझ्या नाण्यांस्नी थंडी वाजती व्हय रं सहादेवा? का त्यांस्नी लुगडी बदलायची असत्यात?"

"अक्का, एवढ्याशा दारासाठी तमाशा नको!"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. भाकरी मात्र त्याच्या ताटात आदळत राहिली. सहादेवनं चौकटी पुऱ्या केल्या, पॉलिश चढवलं, खळग्यांत लाल मखमल बसवली, काचेवर कुलूपही लावलं. रविवारी हेडमास्तर आणि दोन पाहुणे बघायला आले. सहादेव किल्ली फिरवीत एकेका नाण्याचा इतिहास सांगू लागला, "वा! कारागिरी आहे हो हातात!" म्हणून पाहुणे माना डोलावू लागले, आणि कणग्यांआड उभी झुंबरबाई ते ऐकत होती.

तिनं आपल्या खोलीचा गोणपाट खसकन ओढला, ओसरीवर आली आणि त्या चकाकत्या काचेवर पसरला. भुसकट पाहुण्यांच्या कपड्यांवर उडालं.

"हे माझं दार हाय, सायेब. दाराचं लाकूड ह्यानं नाण्यांस्नी लावलं. आता मला काच लावा आन् न्या तुमच्या परदर्शनात! भावानं सांभाळलेली भन म्हणून लोकं बघतील तरी!"

हेडमास्तर खाली बघत उठले. पाहुणे चहा न घेताच गेले. सहादेवचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"माझी अब्रू घालवलीस! इथं जमत नसेल तर जा ना आपल्या घरी!"

आपल्या घरी... झुंबरबाईचा आवाज फुटला, तो तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"कंच्या घरी? ज्या घरी मी नांदले न्हाई, ते तुझ्यापायी न्हाई नांदले, सहादेवा!"

"तुला तर त्यांनी टाकलं होतं..."

"मला कुनी टाकलं न्हाई! मी टाकलं त्यांस्नी! लई निरोप आले. तू माझा पदर मुठीत धरून झोपायचास... ती मूठ कशी सोडवू? सांग की मास्तर, लई शिकलास न्हवं!"

सहादेव मटकन खाली बसला. मग त्याची बायको प्रेमला पुढं झाली. चहाचं तबक तिनं खाली ठेवलं.

"आमच्या खोलीचं दार काढा," ती नवऱ्याला म्हणाली. "चौकटीसकट. आत्ताच्या आत्ता."

"आणि आपल्याला?"

"गोणपाट आहे ना! मी आले त्या दिवसापासून मला कडी लावायला मिळाली, म्हणून वन्संना काय सोसावं लागलं ते मला दिसलंच नाही. आता दिसू दे... आपल्या दोघांनाही."

सहादेवनं पहार उचलली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि भिंतीची माती अंगावर पडत होती. शेजारच्या छगन गवंड्यानं चौकट झुंबरबाईच्या खोलीला उभी केली आणि हात पुढं केला. "मास्तर, उंबऱ्याखाली ठेवायला नाणं द्या. त्याबिगर चौकट बसवत न्हाईत."

प्रेमलानं डब्यातले दहा पैसे आणले. सहादेवनं तिचा हात अडवला. तो ओसरीवर गेला, गोणपाट सारला, काचेचं कुलूप काढलं आणि अगदी मधल्या खळग्यातलं निजामशाहीचं तांब्याचं नाणं घेऊन आला.

"अहो, तेच तर बघायला लोक येणार ना?" प्रेमला दचकून म्हणाली.

"तो खळगा रिकामा राहील."

झुंबरबाईनं ते नाणं ओळखलं. बाजरी खुरपताना तिलाच सापडलेलं, आईसाठी रडणाऱ्या पोराच्या हातात खेळायला दिलेलं... त्याच्या साऱ्या संग्रहातलं पहिलं! पण राग काही उतरेना.

"उचल ते. मला लाच नगं."

"लाच न्हाई, अक्का," मास्तरची सारी पुस्तकी बोली गळून पडली. "तुझंच हाय ते. मी निस्तं काचंत घातलं हुतं."

त्यानं हळदकुंकू वाहून नाणं उंबऱ्याखाली ठेवलं. छगननं वर चिखल लिंपला.

झुंबरबाई आत गेली. दार लोटलं. कडी लागल्याचा आवाज आला.

"अक्का, जेवायला चल की."

"न्हाई."

"अजून राग हाय?"

"हाय. लई हाय."

"मग दार उघड, आन् म्होरं येऊन रागव!"

"न्हाई उघडत. माझं दार हाय!"

आणि मग आतून हुंदका ऐकू आला... गावानं, घरानं, कुणीच कधी न ऐकलेला! तिनं तोंडात पदर कोंबला नाही, आवाज दाबला नाही. बाहेर सहादेव दाराला पाठ टेकून लहान पोरासारखा रडत राहिला. प्रेमला ताट घेऊन आली आणि हलकेच म्हणाली, "वन्सं, ताट आणलंय. तुम्हाला वाटेल तेव्हा उघडा."

बऱ्याच वेळानं कडी निघाली. दार चार बोटं किलकिलं झालं.

"तू आत ये, प्रेमला. दोघी जेवू," झुंबरबाई नाक पुसत म्हणाली. "त्याला बसू दे भाईरच. आन् त्याच्या ताटावर झाकण घाल, भाकर वाळंल."